तुमच्या पत्रातले चार ‘पासून’

या वेळचं पत्र चाकणहून आलंय. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून नाव देत नाही. मजकूर थोडा आटोपता करून देते.

“मॅडम, माझं वय ३९. मूळची विट्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. मी सहा वर्षांपासून इथल्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. त्याआधी गावाकडे पतसंस्थेत होते. गेल्या महिन्यात जर्मनीहून तीन पाहुणे आले होते. साहेबांनी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितली. मी उभी राहून म्हणाले, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.’ माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेला सहकारी मोठ्याने म्हणाला, ‘फॉर सिक्स इयर्स, मॅडम.’ दोघं-तिघं हसले. त्या दिवसापासून मी एकाही मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही. लहानपणापासून इंग्रजी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आता गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले की पुढच्या महिन्यापासून निर्यातीचं काम तुम्ही बघा. म्हणजे रोज बाहेरच्या लोकांशी फोन आणि मेल. नको म्हणून सांगावं असं वाटतंय. परवा मुलाच्या शाळेच्या डायरीत ‘माय सन इज हॅविंग फीवर सिन्स टू डेज’ असं लिहिलं, तर तोच म्हणाला, ‘आई, चुकलं.’ हे ‘सिन्स’ नेमकं कुठे लावायचं ते एकदा नीट सांगाल का? की या वयात नाद सोडून देऊ?”

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाद सोडू नका आणि निर्यातीचं कामही सोडू नका. पाहुणे आले गेल्या महिन्यात, साहेबांनी काम देऊ केलं गेल्या आठवड्यात. म्हणजे तुमचं ते वाक्य साहेबांच्या कानावर पडलेलं होतं, आणि ते ऐकूनही त्यांना या कामासाठी तुम्हीच दिसलात. सहा वर्षांत कोणती गाडी कधी भरायची, कोणता कागद कुठे लागतो हे तुम्हाला पाठ झालंय. ते ज्ञान कुठल्या क्लासात मिळत नाही. ‘सिन्स’ मात्र एका संध्याकाळी समजून घेता येतं आणि महिनाभरात जिभेवर बसतं.

मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. त्यामुळे पत्र वाचतानाही हातात पेन्सिल असते. तुमच्या पत्रातल्या मराठी वाक्यांत मी चार ठिकाणी गोल केले. सहा वर्षांपासून, त्या दिवसापासून, लहानपणापासून, पुढच्या महिन्यापासून. मराठीत चारही ठिकाणी एकच शब्द आणि चारही ठिकाणी तो अगदी बरोबर. इंग्रजीत मात्र या चारांसाठी तीन वेगळे शब्द लागतात. पहिल्याला ‘फॉर’, मधल्या दोघांना ‘सिन्स’, चौथ्याला ‘फ्रॉम’. तुमची सगळी अडचण एवढीच आहे. आपण ‘पासून’ म्हटलं की मनात ‘सिन्स’ उभं राहतं, कारण शाळेत कुणीतरी एकदा ‘सिन्स म्हणजे पासून’ असा अर्थ लिहून दिलेला असतो. तो अर्थ खोटा नाही, पण अर्धा आहे.

नियम तुम्ही शाळेत ऐकला असेल: पॉइंट ऑफ टाइमला ‘सिन्स’, पीरियड ऑफ टाइमला ‘फॉर’. मीही तो वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. मुलं गाळलेल्या जागा बरोबर भरायची, पैकीच्या पैकी गुण घ्यायची. मग एकदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दुबईहून फोन आला. हुशार मुलगा, दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळालेले. मॅडमशी इंग्रजीत बोलायचं म्हणून कौतुकाने म्हणाला, “मॅडम, आय अ‍ॅम वर्किंग इन दुबई सिन्स थ्री इयर्स.” मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी कळलं की माझं शिकवणं कुठेतरी कमी पडलं होतं. गाळलेली जागा भरताना मूल इंग्रजी वाक्य समोर बघून विचार करतं. बोलताना ते मराठीतून येतं, आणि मराठीत तर सगळीकडे ‘पासून’च असतं. तेव्हा खूण शोधायची तर ती मराठी वाक्यातच शोधायला हवी. त्यानंतर मी हा धडा शिकवायची पद्धत बदलली. तीच तुम्हाला सांगते.

तुमचं पहिलं वाक्य घ्या. “मी सहा वर्षांपासून डिस्पॅचला आहे.” यातलं ‘पासून’ काढून टाका आणि पुढे ‘गेली’ लावून बघा. “मी गेली सहा वर्षं डिस्पॅचला आहे.” वाक्य धडधाकट उभं राहिलं ना? मग इंग्रजीत ‘फॉर’. आता दुसरं घ्या. “त्या दिवसापासून मी गप्प आहे.” ‘गेला तो दिवस मी गप्प आहे’? नाही चालत. मग ‘सिन्स’. “लहानपणापासून भीती वाटते.” ‘गेलं लहानपण भीती वाटते’? तेही नाही. ‘सिन्स’. मुलाचा ताप? “दोन दिवसांपासून ताप आहे”, “गेले दोन दिवस ताप आहे”. चाललं, म्हणून ‘फॉर’.

म्हणजे हा फरक आपल्या भाषेत नाही असं नाही. तो ‘गेली, गेले, गेलं’ मध्ये लपलेला आहे, आणि तो तुम्हाला जन्मापासून येतो. ‘गेली सोमवार’ असं मराठी माणसाचं चार वर्षांचं पोरसुद्धा म्हणणार नाही.

एका ठिकाणी मात्र जपा. “गेल्या वर्षापासून” या शब्दांत ‘गेल्या’ आधीच आहे, म्हणून माझे विद्यार्थी फसायचे. इथे ‘गेल्या वर्षी’ हे एक ठिकाण आहे, तिथून मोजणी सुरू झाली. म्हणून ‘सिन्स लास्ट इयर’. उलट ‘गेलं वर्षभर’ म्हटलंत तर ती लांबी झाली, ‘फॉर द लास्ट इयर’. ‘भर’ हा आपला शब्द फार उपयोगाचा आहे. दिवसभर, महिनाभर, वर्षभर, जिथे ‘भर’ बसतं तिथे ‘फॉर’ बसतं. आणि ‘गेल्या सहा वर्षांपासून’ असं आपण दोन्ही लावूनही म्हणतो. तिथे ‘पासून’ काढलं तरी ‘गेली सहा वर्षं’ शाबूत राहतात, म्हणून ‘फॉर द लास्ट सिक्स इयर्स’.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणून वर्गात सांगायचे ते उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. गोठ्यात खुंटा असतो आणि खुंट्याला दावं असतं. खुंटा कुठे ठोकलाय हे सांगायचं तर ‘सिन्स’. दावं किती हात लांब आहे हे सांगायचं तर ‘फॉर’. खुंटा म्हणजे २०१९, सोमवार, दिवाळी, लग्न, सकाळ, तो मीटिंगचा दिवस. दावं म्हणजे सहा वर्षं, तीन तास, दोन महिने, बराच वेळ. वर्गात मी भिंतीवरच्या खिळ्याला सुतळी बांधायचे आणि एखाद्या मुलीला ती वितीने मोजायला लावायचे. ती मोजत फळ्यापर्यंत आली की विचारायचे, कुठून निघालीस? खिळ्यापासून. किती आलीस? सात विती. बास, खिळा ‘सिन्स’, सात विती ‘फॉर’.

दुकानांच्या पाट्याही बघा. आपल्याकडे मिठाईवाले, सराफ, कापडवाले नावाखाली अभिमानाने लिहितात, ‘सिन्स १९५८’. ‘सिन्स सिक्स्टी इयर्स’ असं रंगवलेलं तुम्हाला शोभून दिसेल का? पाटीवर सालच लागतं. बसमधून जाता-येता या पाट्या दिसत राहतात, आठवण ठेवायला त्या पुरतील.

आता त्या दिवसाकडे परत येऊ, कारण त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला माहीत असायलाच हव्यात.

पहिली त्या पाहुण्यांबद्दल. जर्मन भाषेत ‘सिन्स’च्याच घराण्यातला ‘झाइट’ नावाचा शब्द आहे, आणि तो अगदी आपल्या ‘पासून’सारखा वागतो. ‘झाइट २०१९’ही चालतं आणि ‘झाइट सहा वर्षं’ही चालतं. वर क्रियापद साध्या वर्तमानकाळातलं. म्हणजे जर्मन माणूस आपल्या भाषेत शब्दशः तुमच्यासारखंच म्हणतो, ‘मी इथे सहा वर्षांपासून काम करतो’. आणि इंग्रजी बोलताना जर्मन लोकही हीच चूक करतात; तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकांना हा धडा पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. फ्रेंचांचंही तसंच, त्यांच्या ‘दप्वी’ या एका शब्दात आपले दोन्ही अर्थ मावतात. हिंदीत ‘से’ तेच करतं. तेव्हा त्या मीटिंगमध्ये तुमच्या तोंडून जे निघालं ते अडाणीपणातून निघालं नव्हतं. तुमची मायबोली शिस्तीने आपलं काम करत होती. समोर बसलेल्या तिघांना तर ते वाक्य खटकलंही नसेल अशीच शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट त्या सहकाऱ्याच्या दुरुस्तीबद्दल. ती अर्धीच होती. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’ हेही बरोबर नाही. हे त्याला कमी लेखायला सांगत नाही. वाक्यात चुकण्याच्या जागा दोन होत्या, आणि दुसरी अशी आहे की चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते, म्हणून सांगते.

‘मी काम करतेय’ हे मराठीत आत्तालाही चालतं आणि सहा वर्षांनाही चालतं. इंग्रजीतलं ‘आय अ‍ॅम वर्किंग’ फक्त आत्ताचं सांगतं. मागे सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं काम सांगायला इंग्रजीला वेगळं रूप लागतं, ‘आय हॅव बीन वर्किंग’. हे ‘हॅव बीन’ पुष्कळांना नुसतं ओझं वाटतं, पण त्याचाही भाऊ मराठीत आहे. “मी सहा वर्षं हे काम करत आलेय.” या ‘आलेय’ मध्ये तिकडून इथपर्यंतची वाट आहे. तेच ‘हॅव बीन’. ‘करत आलेय’ म्हणता येत असेल तर ‘हॅव बीन डूइंग’ म्हणा. म्हणून तुमचं वाक्य पूर्ण बरोबर असं होतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स.’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स ट्वेन्टी नाइन्टीन.’ दोन्ही सारखीच चांगली.

जिथे क्रिया दिसत नाही, नुसती स्थिती असते, तिथे ‘इंग’ लावू नका. ओळखणं, माहीत असणं, जवळ असणं. ‘आय हॅव नोन हर सिन्स कॉलेज’, म्हणजे मी तिला कॉलेजपासून ओळखते. डायरीतलं वाक्यही याच जातीचं: ‘माय सन हॅज हॅड अ फीवर फॉर टू डेज.’ ‘हॅज हॅड’ कानाला विचित्र लागेल, पण ते बरोबर आहे. नको वाटलं तर ‘माय सन हॅज बीन इल फॉर टू डेज’ लिहा, डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर तेही शोभतं.

‘फ्रॉम’चं थोडक्यात सांगते. तुमचा चौथा ‘पासून’ पुढच्या महिन्याचा आहे, म्हणजे अजून यायचाय. यायच्या गोष्टीला ‘सिन्स’ कधीच लागत नाही. ‘सिन्स’ नेहमी मागे बघतं. (जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ‘त्यानंतर’ असा होता, म्हणजे काहीतरी आधी घडून गेलेलं असायलाच हवं.) म्हणून ‘आय विल हँडल एक्स्पोर्ट्स फ्रॉम नेक्स्ट मंथ’. सोमवारपासून रजा हवी असेल तर ‘फ्रॉम मंडे’. दुसरं, जिथे ‘पासून’च्या जोडीला ‘पर्यंत’ येतं तिथेही ‘फ्रॉम’. हे तुमच्या बायोडेटात तपासून घ्या, कारण तिथे हमखास चूक सापडते. पतसंस्थेतली नोकरी संपलेली आहे. ‘सिन्स २०११ टू २०१९’ असं लिहिलं असेल तर ते ‘फ्रॉम २०११ टू २०१९’ करा. आणि तीच नोकरी वर्षांत सांगायची तर ‘आय वर्क्ड देअर फॉर एट इयर्स’, इथे ‘हॅव बीन’ नको. दावं सुटलं, गाय गेली. मी माझ्या ३१ वर्षांबद्दल बोलताना तसंच म्हणते, ‘आय टॉट फॉर थर्टी-वन इयर्स’.

आपल्या भागात ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स’ हेही फार ऐकू येतं. मला वाटतं ‘सिन्स टू इयर्स’पेक्षाही जास्त. त्याच्या जागी नेहमी ‘फॉर द लास्ट टू इयर्स’.

आता जरा आनंदाची गोष्ट. असं एक वाक्य आहे ज्यात ‘सिक्स इयर्स’ आणि ‘सिन्स’ एकत्र नांदतात, आणि ते मराठीतून जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. आपण म्हणतो, “मला इथे येऊन सहा वर्षं झाली.” इंग्रजीत: ‘इट इज सिक्स इयर्स सिन्स आय केम हिअर.’ नीट बघा, ‘सिन्स’च्या मागे वर्षं आहेत आणि पुढे खुंटा आहे, ‘मी आले’. ‘सिन्स’च्या उजव्या हाताला नेहमी खुंटाच हवा. आणि तो खुंटा क्रियापद असलं तर ते साध्या भूतकाळात. ‘सिन्स आय जॉइन्ड’, ‘सिन्स वुई मूव्ह्ड टू चाकण’. आपलंही ‘आल्यापासून’, ‘लागल्यापासून’, ‘लग्न झाल्यापासून’ असंच असतं. ‘येतेपासून’ असं आपण कुठे म्हणतो?

मीटिंगमध्ये पुन्हा कधी घसा कोरडा पडला आणि ‘हॅव बीन’ आठवेना, तर एक सुरक्षित दार सांगून ठेवते. सरळ सांगा, ‘आय जॉइन्ड इन ट्वेन्टी नाइन्टीन.’ किंवा ‘आय जॉइन्ड सिक्स इयर्स अगो.’ सहा वर्षांपूर्वी लागले. यात ‘सिन्स’ही नाही, ‘फॉर’ही नाही, आणि इंग्रजी निर्दोष. परीक्षेत हे उत्तर चालणार नाही, पण तुम्ही परीक्षेला बसलेल्या नाही आहात.

निर्यातीचं काम घ्याल तेव्हा रोज लागतील अशी वाक्यं देते. मोठ्याने म्हणून बघा. कंटेनर मंगळवारपासून न्हावाशेव्याला अडकलाय: ‘द कंटेनर हॅज बीन स्टक अ‍ॅट न्हावाशेवा सिन्स ट्यूज्डे.’ तीन दिवसांपासून अडकलाय: ‘...स्टक देअर फॉर थ्री डेज.’ सकाळपासून गाडी गेटवर उभी आहे: ‘द ट्रक हॅज बीन अ‍ॅट द गेट सिन्स धिस मॉर्निंग.’ इथे नुसतं ‘सिन्स मॉर्निंग’ आपल्याकडे चालतं, बाहेरच्या माणसाला ‘धिस’ लावूनच सांगा. त्यांचा मेल आल्यापासून आम्ही वाट बघतोय: ‘वुई हॅव बीन वेटिंग सिन्स वुई गॉट युअर मेल.’ शुक्रवारपासून कारखाना बंद: ‘द प्लांट विल बी क्लोज्ड फ्रॉम फ्रायडे.’

फोनवर एक गोष्ट जरूर टाळा. “तुम्ही कधीपासून थांबलाय?” हे आपण मायेने विचारतो. त्याचं सरळ भाषांतर ‘सिन्स व्हेन आर यू वेटिंग?’ असं केलंत तर पलीकडच्याला झटका बसू शकतो. इंग्रजीत ‘सिन्स व्हेन’ने सुरू होणारा प्रश्न पुष्कळदा भांडणातला असतो, ‘हे कधीपासून तुझ्या हातात आलं?’ अशा सुरातला. मनात नसताना आवाज चढल्यासारखा होतो. त्याऐवजी ‘हाउ लाँग हॅव यू बीन वेटिंग?’ म्हणा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण इथे व्याकरण सांभाळण्यापेक्षा माणूस सांभाळण्याचा प्रश्न आहे आणि तुमच्या कामात तो रोज येणार.

‘सिन्स’चा दुसरा अर्थ ‘कारण’ असाही आहे. ‘सिन्स द रोड वॉज क्लोज्ड, द ट्रक केम लेट.’ रस्ता बंद असल्यामुळे गाडी उशिरा आली. बरोबर आहे, फक्त मध्ये ‘सो’ घालू नका. आपल्याला जर-तर, जेव्हा-तेव्हाची सवय, म्हणून ‘सिन्स’ आलं की पाठोपाठ ‘सो’ आपोआप येतं. इंग्रजीत एकच पुरतं. पण कामाच्या मेलमध्ये मी तुम्हाला ‘बिकॉज’च वापरा असं सांगेन. ‘सिन्स द सुपरवायझर लेफ्ट, लोडिंग हॅज बीन स्लो’ यात सुपरवायझर गेल्यापासून की गेल्यामुळे? वाचणाऱ्याने काय समजायचं? मराठीत आपण दोन वेगळे प्रत्यय लावतो आणि गोंधळ होत नाही. तिथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा चोख आहे.

आता जिभेवर बसवण्याचं. पुस्तकातली वाक्यं घोकू नका. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली दहा ‘पासून’ची वाक्यं वहीत मराठीत लिहा. लग्नाला किती वर्षं झाली, गावी केव्हापासून गेला नाहीत, मुलगा या शाळेत कधीपासून आहे, गुडघा किती दिवसांपासून दुखतोय. प्रत्येकाला ‘गेली’ लावून बघा आणि मग इंग्रजी करा. रोज कंपनीच्या बसमध्ये ती पुटपुटा. स्वतःची वाक्यं लवकर बसतात, कारण त्यांचा अर्थ आठवावा लागत नाही.

मुलाला ‘शहाणा झालास’ म्हणून गप्प करू नका. त्याला जवळ बसवा आणि ही ‘गेली’ची परीक्षा त्याला शिकवा. त्याला उत्तर येतं, पण मराठीतून ते कसं शोधायचं हे त्याला कदाचित माहीत नसेल. डायरीतलं वाक्य दोघं मिळून दुरुस्त करा.

सहकाऱ्याचं मन मी इथून वाचू शकत नाही. पण एक लक्षात घ्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तुमच्या वेळी मराठी शाळेत पाचवीत एबीसीडी गिरवायला सुरुवात व्हायची. तो इथेच शिकला असेल तर मराठी शाळेतही त्याला पहिलीपासून इंग्रजी मिळालं. इंग्रजीने त्याच्या कानात चार वर्षं आधी घर केलं, एवढाच तो फरक. तरीही पाहुण्यांसमोर मोठ्याने दुरुस्ती करणं योग्य नव्हतं, आणि ते त्याला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एकदा चहाच्या वेळी शांतपणे सांगा: “अरे, माझं इंग्रजी चुकलं तर मला जरूर सांग, मला शिकायचंच आहे. फक्त नंतर, बाजूला घेऊन सांग.” बहुतेक तरुण मुलांना हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. पुन्हा कुणी भर मीटिंगमध्ये दुरुस्त केलंच, तर ‘थँक यू, फॉर सिक्स इयर्स’ म्हणून तिथूनच पुढचं वाक्य सुरू करा. बसू नका.

साहेबांना उद्याच होकार कळवा. आणि पहिल्या फोनसाठी हे चार वाक्यांचं पान टेबलाच्या काचेखाली ठेवा. शब्द तुमचेच आहेत, तुमच्या पत्रातून घेतलेत:

‘गुड मॉर्निंग. आय हॅव बीन विथ द डिस्पॅच टीम फॉर सिक्स इयर्स. बिफोर दॅट, आय वर्क्ड इन अ क्रेडिट सोसायटी. आय विल बी हँडलिंग युअर ऑर्डर्स फ्रॉम धिस मंथ.’

पहिला फोन झाला की मला कळवा. मी वाट बघतेय.